अर्जातला धर्माचा रकाना आणि मध्यरात्रीचा चंद्रोदय : परदेशातील शिक्षण आणि आपली श्रद्धा

नीराकाठ :

नमस्कार मंडळी,

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी खोली कशी शोधावी आणि कुकर न्यावा की नेऊ नये, याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आहे. एका गोष्टीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. घरी असताना आपण जे काही मानत होतो, त्याचे तिकडे गेल्यावर काय होते, हा माझ्या मनातला प्रश्न आहे. माझा अनुभव लिहिते, तुमचेही वाचायला आवडतील.

मी फलटणची. २०२२च्या ऑक्टोबरात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत आखेन येथे गेले. तिथे नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. मी सवयीने 'हिंदू' लिहायला निघाले होते, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने समजावून सांगितले की हा रकाना कराकरता आहे. सरकार आयकराबरोबर चर्चचा कर वसूल करते आणि तो त्या त्या चर्चकडे पोहोचवते. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के असतो आणि बाकीच्या राज्यांत ९ टक्के. असा कर घेणारी हिंदूंची संस्थाच नसल्यामुळे माझ्या नावापुढे 'नाही' अशी नोंद झाली. मी हसतच बाहेर पडले, पण ट्राममध्ये नव्हे, बसमध्ये बसल्यावर (आखेनला ट्राम नाही, हे मला त्याच दिवशी कळले) तो शब्द थोडा टोचू लागला. तसे पाहिले तर टोचण्याचे कारण नव्हते, कारण मी स्वतः कधी नेमाने पूजा केलेली नव्हती. आमच्याकडे देव आई सांभाळायची, मी फक्त प्रसाद घेत असे.

पहिल्या सहा महिन्यांत मला कळले ते हेच. घरी असताना माझी श्रद्धा सगळी आईच्या खात्यावर चालत होती. आज एकादशी आहे हे मला स्वयंपाकघरातल्या वासावरून समजत असे, श्रावण लागल्याचे शेजारच्या मंदिरातल्या गर्दीवरून. आखेनमध्ये मला काहीच समजत नसे. गुढीपाडवा येऊन गेला आणि मी प्रयोगशाळेत होते. दुसऱ्या दिवशी आईने फोटो पाठवला तेव्हा लक्षात आले.

मग हट्टाने संकष्टी धरायला लागले. तेव्हा जे कळले ते सांगण्यासारखे आहे. भारत जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार. जूनमध्ये फलटणला चंद्र उगवून आईचा उपास सुटायचा, तेव्हा आखेनला संध्याकाळचे सात-साडेसात वाजलेले असत आणि चांगले ऊन पडलेले असे. सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळणार आणि पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र उगवणार तो मध्यरात्र उलटल्यावर. त्यातही उन्हाळ्यातला पौर्णिमेजवळचा चंद्र उत्तरेकडच्या देशांत क्षितिजालगतच फिरतो, त्यामुळे समोर तीन मजली इमारत असली की तो दिसतच नाही. एकदा मी रात्री दीड वाजता चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीतून डोके बाहेर काढून उभी होते आणि खालून जाणाऱ्या माणसाने काळजीने विचारले की सगळे ठीक आहे ना. मी त्याला काय सांगणार?

एकादशीचा घोळ वेगळाच. व्रताचा दिवस सूर्योदयाच्या वेळी कोणती तिथी आहे त्यावर ठरतो, आणि तिथे जूनमध्ये सूर्य पुण्याच्या मानाने सुमारे तीन तासांनी आणि डिसेंबरात सुमारे सहा तासांनी उगवतो. मधल्या काळात तिथी बदलली तर आईची एकादशी आणि माझी एकादशी वेगवेगळ्या दिवशी येते. भिंतीवर टांगलेले आपले कॅलेंडर तिथे निव्वळ चित्र म्हणून उरते. मी आईला विचारले की कोणती धरू. ती म्हणाली, "तुझ्याकडचा सूर्य बघ, माझ्याकडचा कशाला बघतेस?" शास्त्रही तेच सांगते. तरीही मी तिच्याच दिवशी धरत राहिले, हे कबूल करते.

आता मुख्य गोष्ट. माझी फ्लॅटमेट आयफेलच्या डोंगराळ भागातली, कॅथलिक घरातली. तिने मी येण्याच्या काही महिने आधी चर्च सोडले होते. जर्मनीत चर्च सोडणे म्हणजे नुसते जाणे बंद करणे नव्हे. आखेन ज्या राज्यात आहे तिथे त्यासाठी न्यायालयात जाऊन लेखी नोंद करावी लागते आणि ३० युरो शुल्क भरावे लागते. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून अधिक कॅथलिकांनी असे नाव काढून घेतले, आणि तीही त्यांतलीच एक. म्हणजे कागदोपत्री आमच्या घरात दोघी निधर्मी होत्या. तिने त्यासाठी ३० युरो मोजले होते आणि मला ते फुकट मिळाले होते.

पुढच्या जूनमध्ये आखेनची यात्रा आली. ती १३४९पासून दर सात वर्षांनी भरते. २०२१ची यात्रा करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि ९ ते १९ जून २०२३ या काळात झाली. तिथल्या कॅथेड्रलचा मूळ भाग सम्राट शार्लमेनच्या काळातला, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणे निवडली, त्यांत हे होते. तिथे १२३९ साली पूर्ण झालेली सोन्याचांदीची एक पेटी आहे. तिच्यात चार वस्त्रे असतात : मरियेचा झगा, बाळ येशूचे बाळोते, क्रुसावरच्या येशूचे कटिवस्त्र आणि ज्याच्यात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक गुंडाळले ते कापड, अशी श्रद्धा आहे. यात्रा आली की पेटीचे कुलूप किल्लीने उघडत नाहीत, फोडतात.

रविवार, ११ जूनला माझी फ्लॅटमेट, आजीला दर्शन घडवायचे म्हणून, घडीचे स्टूल काखेत मारून निघाली आणि मलाही बरोबर नेले. कॅथेड्रल आणि नगरभवन यांच्यामधल्या चौकात उघड्यावर प्रार्थना चालू होती. त्याच दिवशी आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. मी फोनवर एका बाजूला ते पाहत होते आणि समोर पाठीवर पिशव्या घेऊन चालत आलेली, बूट काढून कट्ट्यावर बसलेली माणसे दिसत होती. मी लहानपणापासून अशाच पायांचे वारकरी पाहिले आहेत. पालखी तरडगावहून फलटणला येते त्या दिवशी आमच्या अंगणात दिंडी उतरते आणि आई, काकू आणि शेजारच्या बायका पहाटे तीनपासून भाकऱ्या थापत असतात. मला त्या चौकात रडू आले आणि मी ते कोणाला दिसू दिले नाही. फ्लॅटमेटचेही डोळे भरले होते. मी तिला विचारले, "तू तर सोडले आहेस ना?" तिने उत्तर दिले, "मी कर सोडला आहे. आजी सोडलेली नाही."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. तिच्या डोळ्यांतले आणि माझ्या डोळ्यांतले पाणी, याला श्रद्धा म्हणावे की नुसती घरची आठवण? तुमचे काय मत आहे?

चांदणवेल :

लेख आवडला. मी म्युनिकजवळ बरीच वर्षे आहे. धर्माच्या रकान्याची गंमत पुढे मुलांच्या शाळेत पुन्हा येते. इथे शाळेत धर्मशिक्षणाचा तास असतो, कॅथलिक मुलांचा वेगळा, प्रोटेस्टंट मुलांचा वेगळा आणि उरलेल्यांसाठी नीतिशास्त्राचा. माझी मुलगी त्या तिसऱ्या वर्गात होती आणि तिच्या शेजारी एक तुर्की मुलगा, एक व्हिएतनामी मुलगी आणि चर्च सोडलेल्या आईबापांची दोन मुले. तुम्ही म्हणता ते कागदोपत्री निधर्मी घर आम्ही आठवड्यातून दोन तास भरवत होतो.

एक भर घालते. रविवारी दुकाने बंद का असतात, याचा नव्या विद्यार्थ्यांना फार राग येतो. रविवारच्या विश्रांतीला इथल्या राज्यघटनेचे संरक्षण आहे. मूळ कलम १९१९च्या वायमार घटनेतले असून आजच्या घटनेने ते जसेच्या तसे घेतले आहे. पहिल्या वर्षी मीही चिडत होते. आता रविवारी बाजार उघडा असलेल्या देशात गेले की मला चुकल्याचुकल्यासारखे होते.

कोरडवाहू :

धागाकर्तीबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकलो. दुसऱ्याच आठवड्यात शनिवारचा उपास सुटला आणि मला काहीही झाले नाही. त्या काळात मला देव एकदाही आठवला नाही, साबुदाण्याची खिचडी मात्र अनेकदा आठवली. माझ्या मते आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. देव आहे असे मानणे ही एक गोष्ट, आणि ठरावीक दिवशी ठरावीक वास, आवाज आणि माणसे आसपास असणे ही दुसरी. परदेशी गेल्यावर दुसरी तुटते, आणि ती तुटल्याच्या दुःखाला आपण पहिलीचे नाव देतो, कारण ते नाव अधिक प्रतिष्ठित आहे.

तुम्ही स्वतःच लिहिले आहे की श्रद्धा आईच्या खात्यावर चालत होती. त्या वाक्यावर थोडे थांबावे असे सुचवतो. आपल्या घरांतला धर्म हे बरेचसे श्रमाचे काम आहे आणि ते बहुधा घरातली बाई करते. निवडणे, भिजवणे, घासणे, सोवळे-ओवळे सांभाळणे, कोणती तिथी कधी आहे हे ध्यानात ठेवणे. परदेशात मुलांना देव आठवतो असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात आईचे श्रम आठवत असतात. ते आठवणे चांगलेच आहे. फक्त त्याला योग्य नावाने हाक मारावी आणि सुटीत घरी गेल्यावर चार भांडी घासावीत.

पोथीघर :

कोरडवाहू यांचा मुद्दा वजनदार आहे, पण प्रश्न आपल्या पिढीचा नाही, हे लक्षात आणून द्यावेसे वाटते. १८८३ या एकाच वर्षी दोन मराठी स्त्रिया शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे भाषण करून त्यांनी जाहीर सांगितले की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. फिलाडेल्फियाच्या थंडीत लुगडे आणि शाकाहार सांभाळत त्यांनी १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. पंडिता रमाबाई त्याच १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंना संस्कृत ग्रंथ मुखोद्गत होते, म्हणजे त्यांची श्रद्धा कोणाच्या आईच्या खात्यावर चालत नव्हती.

इथे लोक सहसा एकीचे कौतुक आणि दुसरीची निंदा करून थांबतात. मला वेगळाच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. दोघींचे नातेही होते. पुण्यात तेव्हा रमाबाईंवर टीकेचा भडिमार चालू होता, आणि तिकडे धर्म न सोडलेली एक आणि सोडलेली एक अशा दोघी एकाच सभागृहात बसल्या होत्या. धागाकर्तीची फ्लॅटमेट आणि तिची आजी वाचताना मला हेच आठवले.

बावखल :

मी वसईची कॅथलिक आहे. डब्लिनला दोन वर्षे शिकले, आणि माझा अनुभव वरच्या सगळ्यांच्या उलट्या दिशेचा आहे. आयर्लंड म्हणजे कॅथलिकांचे माहेर, अशा समजुतीने मी गेले होते. आईने तर 'तू आपल्यांतच जात आहेस' म्हणून काळजीच केली नाही. पहिल्या रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, गेले तर प्रचंड मोठ्या चर्चमध्ये पुढच्या चार बाकांवर म्हातारी आयरिश माणसे आणि मागे फिलिपिनो व मल्याळी परिचारिकांची कुटुंबे. आमच्याकडे रविवारी उशिरा गेले तर उभे राहावे लागते.

त्याहून मोठा धक्का भाषेचा होता. मी आयुष्यभर मराठीतून प्रार्थना केली होती. 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणताना मला जे जाणवते, ते इंग्रजीत म्हणताना जाणवेना. शब्द बरोबर होते, अर्थ तोच होता, आणि तरी मी परक्याच्या देवाशी बोलते आहे असे वाटत राहिले. महिनाभराने मी जाणे बंद केले. कोणाच्याही लक्षात आले नाही. वसईत मी एक रविवार चुकवला असता तर संध्याकाळपर्यंत तीन मावश्यांनी आईला विचारले असते की पोरीला बरे नाही का. कोरडवाहू म्हणतात ती माणसे आणि आवाज ही दुसरी गोष्ट माझ्या बाबतीत पहिलीपासून वेगळी काढताच येत नाही.

आणि वर्गातल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न : "तुमच्या घरच्यांनी धर्म कधी बदलला?" मी सांगायचे की १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर कधीतरी. म्हणजे साधारण साडेचारशे वर्षे. त्यावर एक भारतीयच म्हणाला, "म्हणजे मूळच्या हिंदूच." मूळ कुठपर्यंत खणायचे हे ज्याने त्याने ठरवावे. मला पुरेसे खोल गेल्यासारखे वाटते.

मग मी वसईच्या मिस्साचे थेट प्रक्षेपण लावू लागले. तिकडची सकाळ म्हणजे इकडची पहाट, त्यामुळे अंथरुणातच ऐकत असे. आई म्हणायची, झोपून मिस्सा ऐकू नये, उठून बस.

निळाई :

मी नागपूरचा, बौद्ध. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलो. इथली चर्चा वाचून एक गोष्ट मांडावीशी वाटते. बहुतेकांनी परदेशी जाणे म्हणजे श्रद्धेपासून दूर जाणे असे धरले आहे. आमच्या घरात तसे नव्हते. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, १९१६ला लंडनला आले, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ला परतावे लागले, पैसे जमवून १९२०ला पुन्हा गेले आणि १९२३ला डी.एस्सी. मिळवली. आमच्या घराच्या भिंतीवर बुद्धाशेजारी पुस्तक हातात घेतलेले बाबासाहेब आहेत. त्यामुळे ग्रंथालयात उशिरापर्यंत बसणे हे माझ्यासाठी वंदनेच्या शेजारचेच काम होते. ६ डिसेंबरला मी किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरी गेलो. १९२१-२२मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. पावसात रस्त्यावर आम्ही मोजकीच माणसे होतो. एक आजी पंजाबची होती, तिला मराठी येत नव्हते आणि मला पंजाबी. त्रिसरण दोघांनाही येत होते.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलली पाहिजे. घरची आठवण येते म्हणून मी एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवायला गेलो होतो. लोक प्रेमळ होते. दहा मिनिटांत आडनाव विचारले गेले, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही कोणापैकी?' सात हजार किलोमीटरवर तिथी चुकते, चंद्र चुकतो, पण हा प्रश्न चुकत नाही. मी जेवलो, पुन्हा गेलो नाही. श्रद्धेबरोबर सामानात आणखी काय काय येते, याचाही विचार व्हावा.

नीराकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. निळाई, तुमचा दुसरा परिच्छेद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्या अंगणात दिंडी उतरते हे मी अभिमानाने लिहिले, पण आतल्या पंगतीला कोण आणि ओसरीवरच्या पंगतीला कोण बसते, हे मी लहानपणी कधी पाहिलेच नव्हते. या वर्षी पाहीन.

कोरडवाहू, श्रमांविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे. उरलेले नाही. आई जे करते ते श्रम आहेत म्हणून ती श्रद्धा नव्हे, असे कसे होईल? पहाटे तीनला उठून अनोळखी माणसांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तुम्ही 'देव मानतेस का' असे विचारलेत तर ती तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकील. माझ्यात ते नाही, हे मला आखेनला कळले. आठवण आहे, ते नाही. म्हणून मी प्रश्न विचारला होता.

बावखल, तुमच्या आईचे 'उठून बस' फार आवडले.

पहिलापाऊस :

मी या ऑक्टोबरात डॉर्टमुंडला जाणार आहे. धागा वाचून धीर आला. दोन प्रश्न आहेत. जवळपास देऊळ आहे का? आणि खोलीत उदबत्ती लावता येते का?

नीराकाठ :

उदबत्तीचे आधी सांगते : छताला धुराचा अलार्म असतो, तो वाजला की सगळा मजला खाली उतरतो आणि पुढचे सहा महिने तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. नुसते फूल ठेवा.

देऊळ हॅम येथे आहे, श्री कामाक्षी अंबाळचे. श्रीलंकेतून निर्वासित होऊन आलेल्या तमिळ लोकांनी ते उभारले आणि २००२ साली ते खुले झाले. औद्योगिक वसाहतीत, गोदामांच्या रांगेत एकदम सतरा मीटर उंचीचे गोपुर दिसते तेव्हा आपण चुकीच्या थांब्यावर उतरलो असे वाटते. उन्हाळ्याच्या तोंडाला रथोत्सव असतो. तीर्थस्नानाचा विधी जवळच्या कालव्यात होतो, त्याच कालव्यातून मालवाहू बोटी जातात. आखेनहून हॅमला आरई-१ ही गाडी थेट जाते आणि वाटेत डॉर्टमुंड लागते, म्हणजे तुम्हाला अगदीच जवळ. पूजा तमिळ पद्धतीची आहे, आरती आपली नसते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी न विचारता माझ्या कपाळाला भस्म लावले.

कोरडवाहू :

तुमचे उत्तर वाचले. पूर्ण पटले नाही, पण ताटात पडलेली भाकरी परत करता येत नाही. एक विचारायचे राहिले. त्या यात्रेविषयी आईंना सांगितले होते का? त्यांचे काय म्हणणे पडले?

नीराकाठ :

त्याच रात्री सांगितले. मी फोटो पाठवले होते : चौक, सोन्याची पेटी, कट्ट्यावर बूट काढून बसलेली माणसे. पेटीत काय आहे, ते कोणाचे कपडे आहेत, हे तिने काही विचारले नाही. तो शेवटचा फोटो मोठा करून पाहिला असावा. मग तिने विचारले, "त्यांच्या पायांना तेल लावायला कोणी होतं का गं?"

मी म्हटले, प्रथमोपचाराचा तंबू होता, तिथे मलम आणि पट्ट्या देत होते.

"मलम ठीक आहे," ती म्हणाली, "पण चोळायला कोणी होतं का?"

नव्हते. मी तिथेच उभी होते आणि मला सुचले नव्हते.